कुंकू लावलेलं कार्ड

समईला चिंच लावून ती निम्मी घासून झाली होती. दुसऱ्या दिवशी मंगळवार, यल्लम्माचा वार, म्हणून देव्हाऱ्यातली सगळी भांडी मी परसात काढली होती. तेवढ्यात पुढच्या दारात बँकेचा माणूस आला आणि समई तशीच राहिली.

तो माझ्या दिराला, भरमाला, विचारत होता. भरमा न्हाणीत होता. म्हणून त्याने हातातला कागद आमच्या ह्यांच्या पुढे धरला. "तुमच्या भावाचं कार्डाचं बिल थकलंय. ह्या महिन्यात भरलं नाही तर बँक त्यांची ठेव मोडून घेणार. सांगून जायचं म्हणून आलो."

कागदावर कुठे कुठे खर्च झाला ते छापलेलं होतं. हे बोट फिरवत वाचायला लागले. बोट थांबलं, खाली सरकलं, परत थांबलं.

"साडी सेंटर, निपाणी. परत साडी सेंटर, निपाणी. हे काय हो?"

"खरेदी हाय की ती. घरात विचारा," असं म्हणून तो माणूस गालातल्या गालात हसला आणि गेला.

आमच्या बेळगावच्या वडगावात गल्लीभर माग आहेत. इथे साडी कुणी विकत घेत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून अंगाला लावली ती प्रत्येक साडी आमच्याच मागावरची. विणकराच्या घरातला पुरुष परगावी दुकानातून साड्या घेतो, तेही महिन्यातून चार-चारदा, म्हणजे त्या कुणाला, हे गल्लीत कुणाला समजवून सांगावं लागत नाही.

मी सासरी आले तेव्हा भरमा शाळकरी होता. मागाच्या खालीच गोधडी टाकून झोपायचा. चारी माग खडाखडा चालू असले की गाढ झोप, आणि वीज गेली की दचकून उठायचा. विणायला मात्र तो कधी बसला नाही. मोटारी खोलायच्या, पंप जोडायचे, ह्यातच त्याचा जीव. आयटीआय करून उद्यमबागेत एका पंपाच्या कंपनीत लागला. चिकोडीकडचे साखर कारखाने, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, पार कणकुंबीपर्यंत, कुठेही पंप बंद पडला की भरमाच्या पाठीला हत्यारांची पिशवी आणि तो एसटी स्टँडवर.

कंपनीची रीत अशी की फिरतीवरचा खर्च आधी माणसाने स्वतःच्या कार्डावर करायचा, बिलं आणून द्यायची, मग पैसे मिळायचे. साहेबांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "भरमा, कार्ड आहे ना?" आणि हा म्हणाला, "हाय की." नव्हतं. लॉकडाऊनमध्ये मोटारसायकलीचे हप्ते थकले होते आणि त्याचं सिबिल बिघडलं होतं. एकही बँक त्याला दारात उभं करेना. शेवटी एका बँकेतल्या बाईने सांगितलं, ठेव ठेवा, तिच्यावर कार्ड देतो.

ठेव म्हणजे आमचा चौथा माग. सासूबाई गेल्यावर ह्यांनी भावाचा वाटा म्हणून तो विकून पैसे भरमाच्या नावावर ठेवले होते. सासऱ्यांनी इचलकरंजीहून आणलेला माग. तो टेम्पोत चढवला त्या दिवशी हे जेवले नाहीत.

कार्ड आलं तेव्हा खंडेनवमी होती. आम्ही धोटे, फण्या, कात्री मांडून पूजा करत होतो. भरमाने पान्याच्या शेजारी कार्ड ठेवलं आणि तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्याने त्याच्या सोनेरी चौकोनावर दाबून लावलं. "वैनी, माझं हत्यार आता ह्येच." त्याची बायको मनीषा हसून लोटपोट झाली. मीही हसले. यल्लम्मा आईला हात जोडले, म्हटलं, ह्याच्या हत्याराला यश दे.

ज्या पडवीत ती पूजा झाली त्याच पडवीत आता मनीषाच्या हातात भरमाचा फोन होता. तिने निपाणीचा नंबर शोधून काढला होता, 'राजाक्का' म्हणून. लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून बाईचा आवाज आला, "काय रं भरमा, ह्या आठवड्यात येत न्हाईस व्हय? वाट बघतोय की."

मनीषाने फोन भिंतीवर फेकला.

भरमा ओल्या अंगाने, कमरेला टॉवेल लावून बाहेर आला तो ह्यांच्या हातातच सापडला. ह्यांनी त्याचे केस धरले आणि फरफटत मागाच्या खोलीत नेला. तीन माग चालू होते. त्या खडखडाटात माणूस ओरडला तरी फक्त तोंड उघडलेलं दिसतं. ह्यांनी खुंटीवरचा मागाचा जादाचा चामडी पट्टा काढला आणि त्याच्या पाठीवर ओढला. ओल्या पाठीवर बसलेला तो आवाज मात्र मला मागाच्या वर ऐकू आला.

"माझा माग त्या बाईला नेसवलास?"

"आण्णा, ऐक रं! कार्ड दुसरीकडं चालत न्हाई. तिथं घासतो, रोख घेतो, त्यातनं बेअरिंग आणतो, लॉजला देतो..."

"साडीच्या दुकानात बेअरिंग मिळत्यात व्हय रं? मला खुळा समजतोस?"

खरी गोष्ट इतकी खोटी वाटते हे मी त्या दिवशी पाहिलं. पट्टा पाठीवर, मानेवर, कानावर. कानातून रक्त आलं. भरमा अंगाने ह्यांच्या दुप्पट. एका हाताने त्याने ह्यांना उचलून बाजूला ठेवलं असतं. पण थोरल्या भावावर त्याने हात उगारला नाही, नुसता तोंडावर कोपर धरून मागे सरत राहिला. सरता सरता पाय घसरला आणि आधारासाठी त्याने उजवा हात टेकला तो चालत्या मागात. फणीचा दांडा मागे आला आणि पुढे गेला.

पुढचा फटका मारताना पट्टा मधोमध तुटला. तरी ह्यांनी हातात राहिलेला तुकडा मारला. दिसत नव्हतं ह्यांना काही. मी धावत जाऊन बटण बंद केलं. माग थांबले, आणि त्या शांततेत भरमाचं कण्हणं आणि मनीषाचं किंचाळणं एकदम सुरू झालं. लिंबाच्या रंगाची साडी होती मागावर. तिच्यावर पसाभर रक्त सांडलं होतं आणि भरमाची दोन बोटं चिरडून ताण्यात अडकली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे पाठीवर काय?" भरमा म्हणाला, "मागात पडलो." एक बोट वाचलं, दुसऱ्याचं पेर काढावं लागलं. फिटरच्या उजव्या हाताचं. हे दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. आत आले नाहीत, घरीही गेले नाहीत.

बँकेची मुदत जवळ येत होती आणि ठेव गेली असती तर विकलेल्या मागाचे पैसेही गेले असते. मी मनीषाला म्हटलं, "उठ. त्या बाईचं तोंड बघून येऊ."

"मी तिच्या झिंज्या उपटणार, वैनी."

"उपट. आधी बघू तर."

निपाणी स्टँडच्या मागच्या बाजूला बोळातलं दुकान. गल्ल्यावर साठीतली बाई बसली होती, पुढचे दात नाहीत, नाकाशी तपकिरीचा डाग. मनीषाने विचारलं, "राजाक्का कोण?"

"मीच की. राजाबाई. काय दावू? काठपदर?"

मनीषा माझ्याकडे बघत राहिली. मग तिथेच सतरंजीवर बसली आणि रडायला लागली. मी झालं ते सगळं सांगितलं. बाईने कपाळावर हात मारला.

"अगं, त्येच्या कार्डाला कसलं तरी तेलकट बसलंय. लॉजवाला घेईना, पार्टवाला घेईना, मशीन वाचतच न्हाई. माझं मशीन नुसतं वरनं टेकवलं की घेतंय. म्हणून हितं घासून रोख घेऊन जायचा, शेकड्याला दोन रुपये मी ठेवून घेत होते. त्येला म्हटलं, बँकेत जाऊन बदलून घे की मुडद्या. तर म्हणतोय, 'आक्का, माझं सिबिल वाईट, एकदा परत दिलं तर दुसरं द्यायचे न्हाईत.' लई घाबरट पोरगं. एक साडी न्हाई घेतली आजवर. म्हणतोय, आमच्या घरच्या असल्या भुरकट नसत्यात."

खंडेनवमीचा अंगठा माझ्या डोळ्यापुढे आला.

निपाणीहून येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. राजाबाई दुसऱ्या दिवशी आपलं मशीन पिशवीत घालून बेळगावला आली. आम्ही सगळे कंपनीत गेलो, भरमा हात गळ्यात बांधून. बिलांचं बघणारा नागेंद्र टेबलामागे होता. तीन महिने त्यानेच बिलं अडवली होती: कार्डाच्या कागदावर साड्या, बिलं बेअरिंगची, मग पैसे कसे द्यायचे. नियमाने त्याचं चुकलं नव्हतं, पण जीभ चुकली.

"येनप्पा, काय रे भरमा, घरच्यांना घेऊन आलास? आणि ही कोण? साड्या नेसवलेली ती हीच व्हय? जरा तरुण तरी बघायची."

ह्यांनी टेबलावरून हात घालून त्याची मान धरली आणि तोंड टेबलाच्या काचेवर आपटलं. काच फुटली. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा नागेंद्रच्या भुवईतून रक्त उडालं. शिपाई ओरडत पळाला. हे तिसऱ्यांदा मान उचलत होते. तेव्हा भरमाने डाव्या हाताने ह्यांचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"आण्णा, सोड. सोड म्हणतोय न्हवं. माझी नोकरी हाय रं ती."

ह्यांना ते मनगट सोडवता आलं नाही. भरमा किती ताकदीचा आहे ते ह्यांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी भावाच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि मान सोडली.

साहेब बाहेर आले. राजाबाईने मशीन टेबलावर ठेवलं, काचा पदराने बाजूला केल्या आणि म्हणाली, "साहेब, ह्ये कार्ड तुमच्या मशीनात घाला, मग माझ्या मशीनला टेकवा. मग बोला." साहेबांनी घातलं. त्यांच्या मशीनने घेतलं नाही, राजाबाईच्या मशीनने टेकवताच घेतलं. त्यांनी कार्ड उजेडात धरून नखाने खरवडलं, आणि नखात लाल आलं.

"हे काय लावलंय?"

"पूजा केलती, साहेब," भरमा म्हणाला.

साहेबांनी कार्ड टेबलावर ठेवलं. मग नागेंद्रला दवाखान्यात पाठवलं आणि आम्हाला सांगितलं की बिलं मंजूर करतो, पैसे थेट बँकेत जातील, नागेंद्र पोलिसात जाणार नाही तेवढंही बघतो. "पण उद्यापासून ह्याला पाठवू नका. असली माणसं मला नकोत." असली माणसं म्हणताना ते ह्यांच्याकडे बघत होते. नोकरी गेली ती भरमाची.

पैसे भरले, ठेव राहिली. राजाबाईला मी घरची एक काठपदर साडी नेसवून ओटी भरून पाठवलं.

मी परसात गेले तर समई चिंचेत हिरवी पडली होती. ती घासून देवापुढे लावली तेव्हा मागाची खोली अजून बंदच होती. हे ओट्यावर बसलेले, भरमा त्यांच्यापासून हातभर लांब. मी चहा नेऊन ठेवला. हे कपाकडे बघत म्हणाले, "तुझं बोट..."

"असू दे," भरमा म्हणाला. डाव्या हाताने त्याने कप उचलला. "माग किती दिवस बंद ठेवतोस? पट्टाबी तुटलाय तुझा. उद्या सकाळी मी शहापुरात जातो, नवा पट्टा घेऊन येतो."