एका बाजूनं चेपलेला घडा

आज लई थकलोय मित्रांनो, तरी लिहून राह्यलो.

सकाळी हसनाबादला माठ द्यायला गेल्तो. तिथं एका म्हाताऱ्या बाईच्या ओट्यावर बहात्तरच्या दुष्काळातला घडा दिसला. आमच्या सोपानकाकाच्या हातचा, एका बाजूनं चेपलेला. तेव्हा आम्ही सगळे कुंभार हसलो होतो, काकाला थापी मारून घडा गोल करता येत न्हाई म्हणून.

बाईनं घडा कमरेवर घेतला. चेपलेली बाजू बराबर बसली. म्हणाली, "आम्ही बाया कोसभरावरून पाणी आणायचो. सोपाननं आधी मला भरला घडा घेऊन चालायला लावलं, मंग हा केला."

घरी येऊन मीबी तसा एक करायला बसलो. कुठं किती दाबायचं तेच कळंना. पन्नास वर्षं घडे केले, पण पाणी नेणारीकडं कधी बघितलंच न्हाई.

तुम्ही बघता का, आपलं काम कुणाच्या अंगावर कसं बसतं ते?