राजेळीच्या मांडवावरचा साबण

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीच्या तोंडावर वटार गावात पिठाच्या गिरणीवरून एक बातमी सुटली. यमुनाबाईंनी म्हणे दारी आलेल्या माणसाला साबण खायला घातला. गिरणीवर ती एक वडी होती, एसटीच्या थांब्यावर दोन झाल्या, आणि नालासोपाऱ्याच्या बाजारात पोचेस्तोवर त्या बिचाऱ्याला सलाईन लागली होती. तर खरं काय ते सांगून टाकू. सलाईन लागली नाही, आणि यमुनाबाईंनी काही खायलाही घातलं नाही. खाणाऱ्याने आपल्याच हाताने उचललं आणि आपल्याच दातांनी चावलं. खरी गोष्ट एवढीशीच असते, म्हणून तर लोकांना ती वाढवावी लागते.

यमुनाबाई म्हणजे सुकेळीवाल्या. पिकलेली राजेळी केळी सोलायची, बांबूच्या मांडवावर उन्हात सुकवायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी उलटायची, आणि खजुराच्या रंगावर आली की केळीच्या सुक्या पानात बांधायची. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. पण केळीच्या चिकाने हात काळे होतात, आणि तो चीक काढायला बाई धुण्याच्या साबणाची वडी खसाखसा घासायच्या. शेवटी तळव्यांना अशा भेगा पडल्या, की भाकरी थापताना पिठाला लाल ठिपके लागायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, तो साबण बंद, आणि जमलं तर केळीही बंद.

नवरा सदानंद तसा गरीब स्वभावाचा. पण ते लाल ठिपके बघून त्याच्या तोंडून निघून गेलं, "दिवाळीपर्यंत हात सुधारले नाहीत तर राजेळी उपटून सोनचाफा लावतो!"

बोलून गेला आणि पस्तावला. कारण यमुनाबाई भांडल्या नाहीत. नुसतं "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"ने सदानंदाची झोप उडाली.

दुसऱ्याच दिवशी शेजारची आल्बिना कागद घेऊन आली. तिची बहीण इस्पितळात नर्स, तिने घरच्या साबणाची कृती लिहून दिली होती. खोबरेल, कॉस्टिक सोडा, कोरफडीचा गर, हळद. "एकदम नरम साबण, यमुने. बाळंतिणीलासुद्धा चालेल."

"कॉस्टिक? त्याने तर लोक तुंबलेली मोरी साफ करतात," सदानंद म्हणाला.

"मोरीत तेल असतं का, भावोजी? तेलात मुरलं की कॉस्टिकचाच साबण होतो," आल्बिना म्हणाली.



पहिला घाणा घातला ॲल्युमिनियमच्या टोपात. कॉस्टिकचं पाणी पडताच टोप सापासारखा फुसफुसला, काळा पडला, आणि असा वास सुटला की कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. एक थेंब यमुनाबाईंच्या मनगटावर उडाला, तिथे टरारून फोड आला. आल्बिनाने कागद उलटा करून बघितला. मागे लिहिलं होतं, टोप स्टीलचाच घ्यावा.

"मागे कशाला लिहिते ही बया?" आल्बिना म्हणाली.

दुसरा घाणा स्टीलमध्ये, ताकाच्या रवीने घुसळून. आत हळद पडली ती पिवळी राहायची सोडून कुंकवासारखी लाल झाली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. साचा नव्हता, म्हणून केळीच्या बुंध्याची सोपटं आणली. पन्हळीसारखी लांब, उघडी. त्यांत ओतलं. दोन दिवसांनी त्याचे बोटभर लांब, जरा वाकडे तुकडे कापले. कागदावर पुढे लिहिलं होतं, महिनाभर सुकवावा, तोवर वापरू नये.

आता सुकवायचं म्हटलं की यमुनाबाईंना एकच पद्धत ठाऊक. मांडवावर घातले. संध्याकाळी झाकले, सकाळी उलटले. दिवसागणिक लाल रंग उतरत तपकिरी झाला. मग सवयीने सुक्या पानात बांधून, सोपटाच्या दोरीने गाठ मारून, पाटीत रचून ठेवले.

हा दुसरा घाणा घातला तेव्हा सदानंद बागेला पाणी लावत होता, साबण ओतताना-कापताना त्याने बघितलाच नव्हता. त्याला दिसले ते मांडवावरचे तपकिरी तुकडे, आणि मग ही पाटी. रंग सुकेळीचा, बांधणी सुकेळीची, वासही पानाचाच. त्याच्या डोक्यात गोंधळ सुरू झाला. साबण म्हणून सांगते आणि चोरून केळी तर सुकवत नाही ना? विचारावं, तर संशय घेतला म्हणून आणखी एक "बरं" ऐकावं लागणार. चाखून बघावं, तर साबण निघाला म्हणजे? तो रोज पाटीपाशी जायचा, एक पुडी नाकाशी धरायचा आणि परत ठेवून द्यायचा.

यमुनाबाईंचा गोंधळ वेगळाच. महिना उलटून आठवडा झाला, दिवाळी चार दिवसांवर आली, तरी साबण हाताला लावायचा धीर होईना. मनगटावरचा डाग अजून तसाच होता. भेगांत कॉस्टिक गेलं तर? कागदावर, पुढे ना मागे, साबण तयार झाल्याचं ओळखायचं कसं ते लिहिलेलंच नव्हतं.

आणि त्या सकाळी फर्डिनंड आला. हा जुनं गिऱ्हाईक, दरवर्षी सुकेळीचा पहिला घाणा घेऊन जायचा. त्याची खोड अशी, की आधी एक पुडी सोडून तोंडात टाकायची आणि मग "राम राम" म्हणायचं.

"अरे फर्डिनंड, थांब, ते..." सदानंद म्हणाला आणि अडखळला, कारण ते काय आहे ते त्यालाच नक्की माहीत नव्हतं.

फर्डिनंडने चावा घेतला होता. दोनदा चावलं. मग तो थांबला. ओठांच्या कडेने पांढराशुभ्र फेस आला.

"फिट आली!" सदानंद ओरडला. "कांदा आणा! चप्पल आणा!"

आल्बिना कुंपणावरून धावली आणि छातीवर क्रूस काढायला लागली. "केळं आंबलंय," फर्डिनंड फेसातून म्हणाला, आणि बोलताना त्याच्या तोंडातून एक फुगा निघाला.

यमुनाबाई तेवढ्या शांत. त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"फर्डिनंडभाऊ, तोंड भाजतंय?"

"नाय."

"जिभेला चटका? झिणझिण्या?"

"नाय हो वहिनी! साबणासारखं लागतंय!"

"मग झाला," यमुनाबाई म्हणाल्या. त्याच्या हातातला उरलेला अर्धा तुकडा घेतला आणि मोरीवर जाऊन हात धुतले. सदानंद एकदा फेसाळलेल्या फर्डिनंडकडे बघायचा, एकदा फेसाळलेल्या बायकोकडे. चूळ भरायला पाणी कोणाला द्यायचं, एवढंच त्याला कळलं, तेही उशिरा.

दिवाळीपर्यंत हात काही रेशमाचे झाले नाहीत. पण भाकरीच्या पिठाला लाल ठिपके लागायचे थांबले. पाडव्याच्या सकाळी सदानंदाने राजेळी उपटायला म्हणून कोपऱ्यात काढून ठेवलेली पहार न बोलता माळ्यावर टाकली. राजेळी जागच्या जागी राहिली.

पुढे गिरणीवर कुणीतरी, सगळ्यांसमोर, यमुनाबाईंना विचारलंच, "काय हो काकू, फर्डिनंडला साबण खायला घातलात म्हणे?"

त्यांनी पिठाचा डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी नाही घातला. त्याने न विचारता खाल्ला. विचारलं असतं तर हात धुवायला दिला असता."