पहिली वाटी

कारधा गावातल्या मटणाच्या दुकानात दर रविवारी एक म्हातारे विणकर भेटायचे. मांडीचा तुकडा बोटानं दाबून पाहिल्याशिवाय घेत नसत. छातीच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी त्यांचं मटण बंद केलं, तरी पुढच्या रविवारी ते हजर! रांगेत वाद पेटला. कुणी म्हणे मटणानं ताकद येते, कुणी म्हणे नसा तुंबतात.

"माह्यासाठी जहर हाये, सोडलं," ते ठासून म्हणाले. "पण आमच्यात रविवारचं मटण गडीमाणूसच रांधते. खाणं सोडलं, रांधणं कायले सोडू?"

"मग मीठ कोण चाखतं?" मी विचारलं.

"बायको. जलमभर तिले उरलेला रस्साच भेटला. आता पयली वाटी तिची."

मग ते दुकानदाराकडे वळले. "नळी बी टाक. तिले आवडते, हे मले आता समजलं."