मोहरीचा कुणगा

जनीची घरात स्वतःची म्हणून एक चूल होती आणि ती चूल गायीच्या दुधावर चालायची. नवरा मुंबईत वारला तेव्हा मोठी जाऊ मथुरा म्हणाली होती, "वेगळं कशाला शिजवतेस? आमच्यातच जेव." जनीने गाय घेतली आणि पडवीच्या कोपऱ्यात दगड मांडले. मथुरेच्या नातीला, वेदिकाला, त्याच गायीचं दूध जायचं. शाळेच्या बाईंकडे आणि चहाच्या टपरीवर रतीब होता. कुणापुढे ताट घेऊन बसायची वेळ जनीवर आली नव्हती.

पण दिवाळी सरली की सड्यावरचं गवत वाळतं आणि नुसत्या पेंढ्यावर गाय आटते. यंदा जनीने दापोलीच्या एका शिबिरातून चाऱ्याच्या मोहरीचं बी आणलं. भात कापल्यावर कुणग्यात, भाताच्या त्या लहानशा तुकड्यात, ओल होती तोवरच फेकलं. कापणी झाली की गावात गुरं मोकाट सुटतात, म्हणून भोवती काट्यांची वई घातली, आत जायला बांबूचं बेडं बसवलं. पाणवठ्यावर बायका हसल्या.

"जने, गायीला फोडणी घालतेस काय गो?"

"घालते. तुमच्या म्हशी वासावर येतील, बांधून ठेवा."

मार्गशीर्षात कुणगा गुडघाभर हिरवा झाला. जनी आधी पेंढा घाली. तो खाऊन गाय निवांत झाली की मगच बेडं उघडी आणि थोड्या वेळाने तिला हाकून बाहेर काढी. उपाशी जनावर या पाल्यावर तुटून पडलं तर पोट फुगून मरतं, असं शिबिरात बजावून सांगितलं होतं. दूध आटलं नाही, उलट वाढलं.

मग भावाच्या तेराव्याला तिला राजापुराकडे माहेरी जावं लागलं.

निघताना ती मथुरेला म्हणाली, "अक्का, उद्याचा दिवस गायीकडे बघ. आधी पेंढा. पोट भरल्याबिगर मोहरीत सोडू नको."

"गुरं काय मी आज बघतेय? जा तू."

तो नेमका गुरुवार होता. मार्गशीर्षातला, मथुरेच्या उपासाचा. घट मांडणं, पोथी, हळदीकुंकवाच्या बायका, पुरण. संध्याकाळी गायीसाठी काढलेलं नैवेद्याचं पान घेऊन मथुरा गोठ्यात गेली, तेव्हा तिला दिसलं की गाय सकाळपासून तशीच बांधलेली आहे. पुढ्यात काडी नाही. गायीने पोळी एका घासात गिळली आणि दावं ताणलं. व्रताच्या दिवशी दारची गाय उपाशी! मथुरेने दावं सोडलं, बेडं सताड उघडलं आणि हात जोडले. "खा गो बाय. पोटभर खा."

मग घरात येऊन तिने उपास सोडला.

सकाळच्या एसटीने जनी उतरली तेव्हा गाय वईपाशी पडली होती. डावी कूस ढोलासारखी ताणलेली, पाय ताठ. गुरांच्या डॉक्टरला फोन गेला होता, पण तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मथुरा मोठ्याने रडत होती.

"माझ्या हाताने पोटभर घातलं गो तिला! देवाच्या दिवशी!"

"पेंढा घातलास?"

"उपासाचा दिवस, घरात बायका..."

"पेंढा, अक्का."

मथुरेचं रडणं थांबलं. जमलेल्या बायका मध्ये पडल्या. "तिला कशाला बोलतेस? असलं बाहेरचं बी पेरायचंच कशाला?" दुपारपर्यंत गावात ठरून गेलं की गाय मोहरीने मेली, जनीने पेरलेल्या. मुंबईहून मथुरेच्या मुलाचा, संदेशचा फोन आला. "काकी, झालं ते झालं. त्या कुणग्यात आता काजू लावू."

"लावा," जनी म्हणाली. भांडायला तोंड होतं तिला, पण भांडून परत याच घरात निजायचं होतं.

वेदिकासाठी दुकानातून पिशवीचं दूध आलं. दिवेलागणीला मथुरा पडवीत येऊन उभी राहिली.

"आता दोन चुली कशाला, जने? चल, आमच्यातच जेव."

आवाज खरोखर मायेचा होता. जनी उठली, आत गेली, पाटावर बसायला वाकली.

"बसायच्या आधी एवढी दुपारची भांडी घासून घेतेस काय गो?"

जनीने पदर खोचला.