बोकडदाजींचा दुसरा भाग

माणसं सिनेमा दोन तासांत बघतात आणि दोन महिने सांगत बसतात. आमच्या बोर्लीत तंबूतला सिनेमा येऊन गेला की वर्षभर पुरतील एवढे किस्से मागे राहतात. यंदाचे मात्र मी स्वतः दारोदार हिंडून गोळा केले. हौस म्हणून नव्हे, भीतीने.

सिनेमा होता बोकडदाजी आणि चिमी बदक यांचा. हाताने काढलेल्या हलत्या चित्रांचा, आणि दुसरा भाग! त्यांच्या इंग्रजी गोष्टींची मराठी पुस्तकं शाळेच्या कपाटात आहेत. पानं सुटलीत, पण पोरांना तोंडपाठ. गेल्या वर्षी पहिला भाग आला तेव्हा माझ्या अरुणने तो तीनदा पाहिला. आठ वर्षांचा होता. मग महिनाभर घरात तो दाजी आणि धाकटी शकू चिमी.

श्रावणात विषमज्वराने अरुण गेला. शकूला आम्ही शेवटचे दोन दिवस त्याच्या खाटेजवळून उठवून शेजारच्या हलीमाबींकडे ठेवलं. परत आणल्यावर सांगितलं, दादा तळा गावाला मामाकडे शिकायला गेलाय. सांगितलं म्हणजे मीच सांगितलं. मॅट्रिक झालेल्या बाईने! शकू "बरं" म्हणाली. त्यानंतर तिने एकदाही विचारलं नाही, आणि मला त्याचीच जास्त धास्ती.

आता तिने दुसऱ्या भागाचा हट्ट धरला. शेवटी दाजी मरतो, अशी कुणकुण माझ्या कानावर आलेली. म्हणून पहिल्या दिवशीचा खेळ बघून आलेला जो भेटेल त्याला मी विचारत सुटले, "शेवट काय आहे हो?"

*

भांड्यांना येणाऱ्या सखूबाईला सिनेमाच पटला नव्हता.

"बाय, बोकड येवडा म्हातारा होईस्तवर ठिवला कुनी? त्यांच्याकडं सनाला पावनं येत न्हाय काय?"

"अगं, पण शेवटी काय होतं त्याचं?"

"काय म्हाईत! मी निजले. पन रस्सा झाला आसंल!"

*

दिवेआगरच्या मावशी बैलगाडीने आल्या, त्यात पहिलं रीळ हुकलं. दाजीने त्या पोरक्या बदकाला सांभाळलंय, हे त्यांना कळलंच नाही. दाजी म्हणजे बदकाचा सासरा, अशी त्यांची समजूत.

"एवढी सेवा करते ती सून," मावशी तावातावाने म्हणाल्या, "पण मेल्याने एकदा तरी बरं म्हटलं का?"

माझ्या सासूबाईंनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने विचारलं, "आणि शेवट?"

"शेवट बघायला बैल थांबतायत होय! आम्ही निम्म्याच्या आधीच निघालो."

*

हलीमाबींनी मात्र सगळा बघितला होता, डोळे उघडे ठेवून.

"मरतो गो, मध्येच मरतो. बर्फात. मी रडून रडून पदर भिजवला. आणि इंटरव्हलनंतर बघते तर काय, उभा! दाढी हलवत नाचतोय!"

"मेलेला उठतो कसा?"

"अल्लाची मर्जी! आणि सिनेमावाल्याची! सुमन, किती फिकीर करशील? पोरीला खुशाल ने."

मला एवढं हलकं वाटलं की मी शकूच्या वेण्यांना नव्या रिबिनी बांधल्या. मेलेला उठतो, असा सिनेमा माझ्या मुलीने बघायला काय हरकत?

*

संध्याकाळी तंबूच्या दाराशी मशीनवाले काका बिडी ओढत उभे होते. शकू आत पळालीसुद्धा, बायकांच्या बाजूला पुढची चटई धरायला. मी सहज म्हटलं, "दाजी पुन्हा उठतो ते छान केलंय हो."

काकांनी कपाळाला हात लावला. "बाई, काल रिळं उलटसुलट लागली! आज नीट लावलीत. शेवटीच मरतो तो."

मी त्यांना दारातच अडवलं. "आज एक दिवस कालच्यासारखी लावा ना."

"अहो, त्या रिळाच्या शेवटी समाप्तीची पाटी आहे. काल ती मध्येच आली आणि निम्मा तंबू उठून घरी निघाला! हाताला धरधरून बसवलेत लोक."

आत भोंगा सुरू झाला होता.

*

सिनेमा इंग्रजी, त्यामुळे आमचे मास्तर पडद्याशेजारी बसून भोंग्यातून मराठीत सांगतात. पात्रं तोंड उघडायच्या आत त्यांची वाक्यं तयार! पहिल्या भागात अरुण या मास्तरांच्याच मांडीशी बसला होता. तिसरीत त्यांच्याच वर्गात होता.

बर्फाचा देखावा आला. दाजी चालता चालता खाली बसला. मास्तर पुढच्या चटईवरच्या शकूकडे बघत म्हणाले, "दाजी आता... मुलांनो, दाजी आता..." आणि पुढे भोंग्यातून नुसती खरखर.

मी शकूच्या डोळ्यांवर हात ठेवला. तिने तो शांतपणे काढून खाली ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. पडद्यावर चिमी दाजीला टेकून बसली. बर्फाने दोघं पांढरी होईपर्यंत ती उठली नाही.

मास्तरांचा आवाज बसला, असं दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते. मीही तसंच म्हटलं.

घरी येताना मी शकूला म्हणाले, "ते खरं नसतं हं. नुसती चित्रं असतात."

"माहितीये," शकू म्हणाली.

*

सकाळी तंबूच्या मालकांनी बैलगाडीला भोंगा बांधून ती बाजारात उभी केली. पुढच्या गावी सांगायला प्रेक्षकांची मतं हवी होती त्यांना.

हलीमाबींनी माईक हिसकावलाच. "पहिल्या दिवसाचा पिक्चर खरा! दुसऱ्या दिवसाचा चुकीचा! पहिलाच लावा!" बाजाराने टाळ्या वाजवल्या. मशीनवाले काका गाडीआड गेले.

"आता बालप्रेक्षकांचं मत!" असं म्हणत मालकांनी, मी पुढे होईपर्यंत, शकूला उचलून गाडीवर उभं केलंसुद्धा.

"बोला बेबीताई, सगळ्यात जास्त कोण आवडलं? दाजी?"

"नाही. चिमी."

"वा! का बरं?"

शकूने माईक दोन्ही हातांनी धरला. अख्ख्या बाजाराला ऐकू गेलं.

"तिला जवळ बसू दिलं."