कर्जाचे पेढे

संध्याकाळी शेजारच्या काकू वाटीतून पेढे घेऊन आल्या. मला वाटलं, त्यांच्या निखिलला नोकरी लागली; तसं विचारलंही.

"छे गं, कॉलेज अजून सुरू व्हायचंय. शिक्षणाचं कर्ज मंजूर झालं!"

माझ्या कर्जाचेही पेढे वाटले होते. बँकेनं आपल्यावर विश्वास टाकला, याचाच केवढा आनंद असतो. आता डिग्री आहे, आणि हप्ते बाबांच्या पेन्शनमधून जातात. मी नोकरीसाठी अर्ज करत राहते. फोन वाजला तरी हल्ली काही वाटत नाही. पेढा तोंडात टाकला. गोड होता, एवढंच कळलं.

शेजारची वाटी रिकामी परत देत नाहीत, म्हणून आईनं तिच्यात साखर घातली.

"हिचे पेढे कधी?" काकूंनी विचारलं.

"हिचे वाटून झालेत," म्हणत आईनं वाटी त्यांच्या हातात दिली.