तोंडात पाणी, तोंडावर मास्क

आवडाबाई सून म्हणून कोपरला आली, तेव्हापासून घरची गौर तीच आणते. माहेर चिपळूणकडचं, तिकडची रीत तिने जशीच्या तशी इथे चालवली. विहिरीवर जायचं, तेरड्याची गौर सुपात ठेवून सूप डोक्यावर घ्यायचं, तोंडात पाण्याची गुळणी धरायची. मग घरचा उंबरठा येईपर्यंत बोलायचं नाही आणि मागे बघायचं नाही. सोबत चाळीतल्या बायकांचा घोळका असायचा. "खाली बघावं लागत नाही गो मला, रस्ता पाठ आहे," असं ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी घोळका बंद. सून प्राची गौरीचे पाय धुवायला दारात थांबली आणि विहिरीवर निघाल्या दोघीच, आवडाबाई आणि तिची लहानगी नात संचिता. संचिताच्या हातात घंटी.

चाळीच्या तोंडाशी कमिटीचे बाबुराव उभे होतेच. "मावशी, मास्क!"

"अरे, तोंडात पाणी धरायचंय मला."

"धरा की. वरून मास्क लावा. गौर आली म्हणून कोरोना सुट्टीवर नाही गेला."

"तुझ्या तोंडाला बारा महिने लाव रे. चाळ सुखी होईल," आवडाबाई म्हणाली, पण मास्क घेतला. शेजारच्या खोलीतली गंगुबाई त्याच उन्हाळ्यात गेली होती. चेष्टा वेगळी आणि भीती वेगळी.

विहिरीवर तिने नातीला बजावलं, "माझ्या पायाशी चालायचं. घंटी थांबवायची नाही." मग गुळणी धरली, मास्क चढवला, सूप डोक्यावर घेतलं.

गाल फुगले तसा मास्क वर सरकला आणि थेट खालच्या पापणीला टेकला. दोन्ही हात सुपाला, खाली ओढणार कोण? समोरचे खांब, पत्रे, दुकानाची पाटी, सगळं नीट दिसत होतं. नाकाखालचं जग मात्र गेलं. वळणावर अंगठा विटेवर आपटला, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं ती खाली बघतच होती. मान न वाकवता, डोळ्याच्या खालच्या कडेने. दगड, खड्डा, कुत्र्याचं शेपूट, सगळं त्या कडेने टिपत होती आणि रस्ता पाठ आहे म्हणून मिरवत होती. आज तीच कड झाकली गेली. मान वाकवावी तर सूप घसरणार. आणि पायाशी चालणारी पोर? ती त्याच झाकलेल्या पट्ट्यात. दिसत नव्हती, नुसती वाजत होती.

पुढे पाइपासाठी रस्ता खणलेला. चर पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला, वर दोन फळ्या टाकलेल्या. येताना हात धरून पोरीला सहज पार केलं होतं. आता हात कुठला द्यायचा? आवडाबाईने पायाने चाचपत फळी शोधली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. फळी लवली. घंटी वाजत होती, डाव्या बाजूला.

मग घंटी थांबली.

आवडाबाई जागच्या जागी उभी. वाजव गं बाई, वाजव. नाही. तिने डावा पाय हळूच बाजूला फिरवला. पायाला काही लागलं नाही. चरात काहीतरी पडल्याचा आवाज आला, डुबुक.

रीत गेली चुलीत. सुपाचा एक हात सुटला, मास्क हनुवटीवर आला, गुळणी सगळी पोलक्यावर. "संचिता!"

पोर तिच्या टाचेमागेच होती. फळीच्या कडेला उकिडवी बसून एक हात पाण्याकडे लांबवत होती. चप्पल पडली होती, ती तरंगत चालली होती. टाचा उचललेल्या, सगळं अंग पुढे.

"हात मागे घे! हलू नको. माझं लुगडं धर. धरलंस?"

"चप्पल, आजी..."

"जाऊ दे मसणात चप्पल! लुगडं धर!"

इवल्या मुठीत निऱ्या आल्या, तेव्हा आवडाबाईने श्वास सोडला. मग एका हाताने सूप आणि लुगड्याला लटकलेली पोर, असं लटांबर तिने एकेक पाऊल फळीपार नेलं. पलीकडे जाऊन भिंतीला टेकली.

संचिता तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "आजी, तू बोललीस. आणि मागे पण बघितलंस."

"बघितलं. आता काय करशील?"

"गौराई रागावली?"

"तिला विचारते." आवडाबाईने सुपातला तेरडा सारखा केला. "बाई गं, पोर माझी. बोलायलाच हवं होतं. चल, परत विहिरीवरून येऊ. तुला तरी घरी जायची कसली घाई आहे?"

परतीला लांबची, मंदिरामागची वाट धरली. चर तिकडे नव्हता. विहिरीवर संचिता म्हणाली, "मी पण पाणी धरते तोंडात. गप्प राहते."

"खबरदार! तू पुढे चालायचं, माझ्या डोळ्यांसमोर, आणि तोंड बंद करायचं नाही. गप्प झालीस की मी थांबेन."

अशी आज्ञा त्या पोरीला जन्मात कोणी केली नव्हती. एका पायात चप्पल घालून ती पुढे निघाली आणि दार येईपर्यंत बोलतच राहिली. चप्पल समुद्रात जाईल का, मासे ती घालतील का, त्यांना पाय कुठे असतात. आवडाबाई मागून चालत होती, हसू दाबत. पाणी नाकात गेलं, डोळ्यांतून आलं, पण तोंडातून सांडलं नाही.